तानाशाहाचं जेवण

अपर्णा देगलूरकर दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमध्ये आकृत्या काढते. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी हे सेंटर जाडजूड नोट्स छापतं. त्यातलं हृदय, मूत्रपिंड, पानाचा आडवा छेद, गांडुळाची आतडी, सगळं तिच्या हातचं. पूर्वी ती शाईच्या पेनाने काढायची, आता संगणकाला जोडलेल्या पाटीवर काढते. मुलांना तिचं नाव माहीत नाही. पण तिची रेघ स्वच्छ असते आणि कुठला बाण कशाकडे जातो ते बघता क्षणी कळतं. त्यामुळे सेंटरचे मालक बदलले तरी अपर्णा मॅडम बदलल्या नाहीत.

घर अंबरपेठेत. लग्न एकदा ठरत आलं होतं, मग राहून गेलं, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. धाकटा भाऊ मकरंद पुण्यात आयटीत आहे. वडील मधुकरराव कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. देगलूरकर मंडळी निजामाच्या काळात नोकरीनिमित्त हैदराबादला आली ती इथलीच झाली, आणि अण्णांच्या मराठीत दखनी इतकी मुरली होती की पुण्याचे पाहुणे आले की त्यांना निम्मं समजायचं नाही. सुट्टीच्या दिवशी अण्णा दोन्ही मुलांना बसमध्ये घालून कुठल्या तरी कबरीवर न्यायचे. इतर मुलं झू पार्कला जायची, ही दोघं मेलेल्या माणसांकडे. गोवळकोंड्याचे सुलतान, मुसारामबागेच्या टेकडीवरचा फ्रेंच सरदार रेमंड, कुठले कुठले दिवाण आणि बेगमा. अण्णा कबरीच्या कठड्याला टेकून शेंगा सोलत गोष्ट सांगायचे आणि शेवटी ठरलेलं म्हणायचे, "माणूस पूरा जात नसतो, अपू. थोडा राहतो."

अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा अपर्णा अडतीस वर्षांची होती. उजवी बाजू गेली, आणि बोलणंही गेलं. हौ आणि नक्को एवढे दोन शब्द उरले. आई, शोभाताई, गुडघ्यांनी आधीच बेजार. त्यामुळे अण्णांना उठवणं, बसवणं, आंघोळ, सगळं अपर्णाकडे आलं. सकाळी त्यांचं करून ती रिक्षाने मुसी नदीवरचा पूल ओलांडून सेंटरला जायची आणि संध्याकाळी परत तेच. काही वर्षं अशी गेली. मकरंद पैसे पाठवायचा, व्हिडिओ कॉल करायचा, सहा महिन्यांतून एकदा यायचा. कॅमेऱ्यापुढे अण्णांचा नेहमी भांग पाडलेला असायचा.

अण्णा गेले ते आषाढातल्या एका सकाळी. अपर्णा त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत होती. डोकं हातात जड लागलं, तिने ते परत खाली ठेवलं, आणि तिला कळलं. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन गेले. मग तिने मकरंदला फोन केला. तो पुढे सांगायचा, ताईचा आवाज असा होता, जणू ती कुरिअरवाल्याला पत्ता सांगते आहे.

तेरा दिवस येणारे-जाणारे तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. एका आत्याने तिला आतल्या खोलीत नेऊन पाठीवरून हात फिरवला आणि रडून घे म्हणाली. अपर्णाने खरोखर प्रयत्न केला. काही झालं नाही. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग ओठ जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. चहा गरम आहे हे तिला कळायचं, भाजला तरी विशेष काही वाटायचं नाही. चौदाव्या दिवशी ती कामावर गेली आणि फुप्फुसाची आकृती पूर्ण करून दिली. आकृती चांगली झाली होती.

सेंटरमध्ये हर्षदा नावाची मुलगी नोट्स टाइप करते. आदिलाबादकडची, घरात मराठी, शाळा तेलुगू आणि इंग्रजी; मराठी बोलते फाडफाड, वाचताना अडखळते. अपर्णाला ती अक्का म्हणते. डबा खाताना ही बाई भिंतीकडे बघत बसते हे तिने काही दिवस पाहिलं, आणि एके दुपारी आपला मोबाईल तिच्यापुढे सरकवला. तिच्या फोनवर चित्रकारांचा एक ग्रुप होता. नाव 'भूतकाळ'. नागपूर, इंदूर, बडोदा, बेळगाव, कुठले कुठले लोक त्यात होते, बहुतेक टोपणनावांनी. इतिहासातली माणसं भूत होऊन आज वावरत असतील तर कशी दिसतील, याची चित्रं ते काढायचे आणि एकमेकांना दाखवायचे. कुठल्या राणीची हडळ झालेली, कुठल्या सरदाराचा वेताळ, किल्ल्याच्या बुरुजावर अजून पहारा देणारा शिपाई. खाली दोन ओळींत माणूस कोण आणि कसा गेला ते लिहायचं. नियम थोडेच होते. देवाधर्माची चेष्टा नाही, आणि महाराजांना कोणी हात लावायचा नाही.

"अक्का, तुम्ही पण टाका ना काहीतरी. नुसती मूत्रपिंडंच काढता," हर्षदा म्हणाली.

अपर्णाला हौस वाटली नाही, पण नको म्हणण्याइतकाही जोर नव्हता. त्या रविवारी दुपारी आई झोपली असताना तिने रेमंड काढला. टेकडीवर कंदील घेऊन उभा, लष्करी कोट कमरेपर्यंत नीट आणि खाली धुरासारखा विरत गेलेला. पायथ्याशी दिलसुखनगरच्या बसगाड्या आणि कोचिंगचे फलक. लोकांना बरं वाटलं. शहर इतकं खरं कसं काढलंत, असं कोणीतरी विचारलं. तिने नुसतं नमस्काराचं चिन्ह टाकलं. मग दर रविवारी एक चित्र होऊ लागलं. काढताना तिला काही वाटायचं नाही, आणि तेच बरं होतं, दुपार सरायची.

अशाच एका रविवारी तिने तानाशाह काढला.

अबुल हसन तानाशाह हा गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान. औरंगजेबाच्या फौजेने महिनोन्‌महिने वेढा घातला, शेवटी फितुरीने दरवाजा उघडला गेला आणि मोगल सरदार त्याला धरायला महालात आले. तेव्हा, असं सांगतात, तो जेवायची वेळ झाली म्हणून शांतपणे जेवायला बसला. सरदार थक्क झाले. तो म्हणाला, वेळ जेवणाची आहे, आणि जेवून, कपडे करून मग त्यांच्याबरोबर निघाला. अण्णांची ही लाडकी गोष्ट होती.

अपर्णाने आजचा महाल काढला, पडका, छताला वटवाघळं. मधे जेवणाचा दस्तरखान अंथरलेला, भातातून अजून वाफ येते आहे. सुलतान जेवतो आहे, अर्धवट पारदर्शक, झग्याखालून उलटे पाय दिसताहेत. दारात मोगल शिपाई तिष्ठत उभे, इतका काळ गेला की त्यांच्या अंगावर शेवाळ चढलंय. जेवण संपतच नाही.

तिने चित्र ग्रुपवर टाकलं आणि आईला चहा करून द्यायला उठली. सकाळी पाहिलं तर शेकडो प्रतिक्रिया होत्या. 'भूतकाळ'वर एवढी गर्दी कोणाच्या चित्राला झाली नव्हती. पण थोड्याच वेळात वादही लागला. बडोद्याच्या एका मुलीने विचारलं होतं की सुलतान डाव्या हाताने का जेवतोय. मुसलमान बादशहा डावा हात ताटाला लावेल कसा, चूक आहे, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने उत्तर दिलं की चूक नाही, भुतांचं सगळं उलटं असतं, पाय बघा. मग आरशातल्या प्रतिमेपासून यमलोकापर्यंत चर्चा गेली आणि चित्रकर्तीने खुलासा करावा अशी मागणी झाली.

अपर्णाने सेंटरच्या संगणकावर चित्र मोठं करून पाहिलं. हात डावा होता. आपण तो डावा काढलाय हे तिला माहीतच नव्हतं. मग तिचं लक्ष वाटीकडे गेलं. वाटी एका बाजूने उचललेली, खाली घडी केलेला पंचा, म्हणजे एका हाताने घास घेताना वाटी सरकत नाही. सुलतानाचा उजवा हात मांडीवर पडलेला होता, तळवा वर. आणि पाठीचा तो बाक.

तिने अण्णा काढले होते.

ती थांबली. लिफ्टचं बटण दाबून माणूस थांबतो तशी, आता काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही. तिने चित्राची खिडकी बंद केली आणि बेडकाच्या पचनसंस्थेला नावं द्यायला घेतली. ग्रुपवर तिने खुलासा केला नाही.

दोन-तीन दिवसांनी तिला खाजगीत एक निरोप आला. पाठवणारे नामदेवराव, 'भूतकाळ'मधले एकमेव सभासद जे स्वतःच्या नावाने वावरायचे. खुलताबादजवळ राहणारे निवृत्त मास्तर. स्वतः चित्रं काढत नसत, लोकांच्या चित्रांखाली सनावळ्या दुरुस्त करायचे. त्यांनी लिहिलं होतं:

"वाटीखाली पंचा मीही ठेवायचो. माझी पत्नी दोन वर्षं डाव्या हाताने जेवली. तुमचं कोण?"

अपर्णाने तो निरोप वाचून फोन पर्समध्ये ठेवला. घरी आली, भाजी निवडली, आईच्या गुडघ्यांना तेल लावलं. दुसऱ्या दिवशी रिक्षा पुलावर अडकली होती तेव्हा तिने एकच शब्द लिहून पाठवला. "वडील." नामदेवरावांनी सांत्वन वगैरे केलं नाही. तानाशाहाची कबर आमच्याकडेच आहे, तिकडे गेलो तर तुमच्या वडिलांची आठवण काढीन, एवढं लिहिलं.

इथवर सगळं ग्रुपमध्येच होतं. पण कोणीतरी चित्र उचलून बाहेर टाकलं, चित्रकाराचं नाव कापून, वर 'हैदराबादचं शापित जेवण' असं लाल अक्षरात लिहून. ते फिरत फिरत हैदराबादच्या मराठी लोकांच्या ग्रुपांवर आलं आणि तिथून देगलूरकरांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर. एका काकांनी मोठ्या कौतुकाने पाठवलं. त्यांना काही ओळखू आलं नाही. मकरंदला आलं.

त्याचा फोन आला तेव्हा अपर्णा नुकतीच घरी पोचली होती.

"ताई, ते चित्र तू काढलंस?"

"हो."

"ते अण्णा आहेत."

"तानाशाह आहे तो."

"अण्णांची पाठ मला कळते ताई. तो पंचासुद्धा आपला आहे, हिरव्या काठाचा. अण्णांना भूत केलंस तू. जेवताना कोणी बघितलेलं त्यांना चालायचं नाही. कॉलवरसुद्धा ताट बाजूला करायला लावायचे. आणि तू ते सगळ्या जगाला दाखवलंस."

मला काढताना माहीत नव्हतं, असं अपर्णा म्हणाली. ते खरं होतं, पण तिलाच ते खोटं वाटलं. मकरंदने फोन ठेवला. मग तिला येणारे त्याचे फोन बंद झाले. आईला करायचा, ताईला दे म्हणायचा नाही.

आईला कळायचं राहिलं नाही. एके दुपारी शोभाताई स्वयंपाकघरात अंबाडीची पानं खुडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, एवढं काय काढलंयस ते मला दाखव. अपर्णाने लॅपटॉप आणून ओट्यावर ठेवला. आईने पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं.

"पाय उलटे का?"

"भुतांचे असतात."

"हं." त्या जवळ वाकल्या. "भात गरम दाखवलायस. ह्यांचा गार व्हायचा. दोनदा गरम करून आणायची मी."

मग आई सांगत गेली. तू कामावर गेलीस की दुपारचं जेवण हे एकटे जेवायचे. भरवू द्यायचे नाहीत, नक्को म्हणायचे. घास तोंडापर्यंत जायचा आणि अर्धा खाली. तास जायचा, दीड तास जायचा. मी दाराआड बसून राहायची, कारण मी बघते आहे हे कळलं की हात थांबायचा. वाटायचं, जाऊन ताट ओढून घ्यावं. रोज वाटायचं.

हे अपर्णाला माहीत नव्हतं. आपण सगळं केलं, सगळं बघितलं, असं ती धरून चालली होती. कामाच्या दिवसाची दुपार तिने कधी पाहिलीच नव्हती.

शोभाताईंनी चष्मा काढला. "काढलंस ते काढलंस," त्या म्हणाल्या. "पण उठव आता ह्यांना. फार वेळ बसलेत."

आणि त्या परत अंबाडी खुडू लागल्या.

पुढच्या रविवारी अपर्णा पाटी घेऊन बसली. जेवण झालंय, ताट रिकामं आहे, सुलतान उठतो आहे, असं चित्र. सोपं वाटलं होतं, जमेना. उजवी बाजू गेलेला माणूस जमिनीवरून एकटा उठूच शकत नाही. डावा हात टेकेल, डावा गुडघा उचलेल, आणि तिथेच उजवीकडे कलंडेल. तिला वजन कुठे जातं ते पक्कं ठाऊक होतं, आणि खोटी आकृती तिच्या हातून होत नाही. दोन रविवार ती रेघा खोडत राहिली. तिसऱ्या वेळी तिने दारातला एक मोगल शिपाई आत आणला. धरायला आलेला, शत्रूचा. त्याने भाला भिंतीला टेकून ठेवलाय, तो वाकलाय, आणि त्याचा हात सुलतानाच्या उजव्या काखेखाली आहे. शिपायाला तिने तोंड काढलं नाही. सुलतानाचे पाय सरळ केले.

हे चित्र ग्रुपवर फारसं चाललं नाही. आधीचं जास्त भारी होतं, यात भीती नाही, असं लोकांनी लिहिलं. यात भूत कुठाय, असं एकाने विचारलं आणि ग्रुप चालवणारी मुलगी दोन दिवस ठरवत होती की हे नियमात बसतं का. हर्षदाने डब्याच्या वेळी सांगितलं की तिला कळलं नाही, पण बघितल्यावर झोप छान लागली. नामदेवरावांनी सनावळीतली चूक काढली नाही. त्यांनी लिहिलं, "शिपायाने हात बरोबर जागी धरलाय." जेवणाचं पहिलं चित्र अपर्णाने ग्रुपवरून काढून टाकलं. बाहेर फिरत होतं ते फिरतच राहिलं, त्याला इलाज नव्हता.

त्या वर्षी दिवाळी करायची नव्हती, पण मकरंद चार दिवस आला. पहिले दोन दिवस तो आईशी बोलत होता आणि ताईशी कामापुरतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने अपर्णाला ते दुसरं चित्र त्याला दाखवायला लावलं. त्याने ते मोबाईलवर मोठं केलं, लहान केलं, परत मोठं केलं.

"असं उठवायचीस तू त्यांना?"

"हो."

"रोज?"

"किती वेळा ते मोजलं नाही कधी."

मोबाईल बाजूला ठेवून तो म्हणाला, "मला दाखव."

अपर्णाला वाटलं, हा चेष्टा करतोय. पण तो उठून अण्णांच्या खोलीत गेला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिने त्याला सांगितलं की उजवा हात सोड, पाय सोड, तुला ते नाहीतच असं समज. डावा तळवा टेक. घाई करू नकोस, मी म्हणेपर्यंत उठायचं नाही. तिने त्याच्या उजव्या काखेखाली हात घातला, दुसरा कमरेला, आपला गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकवला आणि म्हणाली, "हां. आता."

मकरंद अण्णांपेक्षा जड होता. अर्ध्यावर आला आणि तिच्या खांद्यावर त्याचं सगळं ओझं पडलं. त्याने ते तसंच राहू दिलं. मग तो रडायला लागला, मोठ्याने, लहानपणी पडल्यावर रडायचा तसा. मी इथे नव्हतो ताई, एवढंच तो परत परत म्हणत होता. शोभाताई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मागे फिरल्या.

अपर्णाने पकड सोडली नाही. अर्ध्यावर सोडलं की माणूस पडतो, हे तिच्या हातांना माहीत होतं. तिचे डोळे कोरडेच होते. तिला त्याच्या शर्टाचा घामट वास येत होता आणि कमरेत कळ येत होती, इतकंच. त्याचं रडणं ओसरलं तेव्हा तिने त्याला सवयीने तीन टप्प्यांत उभं केलं, भिंतीला टेकवलं आणि पाणी आणायला गेली.

मकरंद आता शनिवारी फोन करतो, आणि आधी ताईला मागतो. नामदेवरावांनी मधे एकदा कबरीजवळच्या झाडांचा फोटो पाठवला होता. अपर्णा 'भूतकाळ'मध्ये अजून आहे. दर महिन्याला नवा विषय येतो; हर्षदा विचारते, अक्का, काही काढणार का, आणि ती म्हणते, बघू. स्वतः काढत नाही, पण नव्या मुलांची चित्रं बघते. कोणाच्या भुताचा खांदा चुकला, कोणाच्या हडळीचं कोपर भलतीकडे वाकलं, तर एका ओळीत सांगते. ते लोकांना उपयोगी पडतं.

रडलीस का, असं आता तिला कोणी विचारत नाही. विचारलंच तर ती खरं ते सांगेल. नाही, म्हणेल.